काळा कोट तर शिवला. पुढची पाच वर्षे कोण पोसणार?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पण वाचकहो, खरे सांगा, आपल्या हिंगोली जिल्ह्यात ही पायरी कधीच चढली नाही असे घर तुमच्या गावात किती सापडतील? कुठे शेजाऱ्याने बांध कोरला, कुठे भावाभावांत वाटणी फिसकटली, कुठे शेताला जायचा रस्ताच नांगरून टाकला. कुणाची जमीन धरणात गेली, कुणाची कालव्यात, कुणाची रस्त्यात. सेनगाव, कळमनुरीकडून सकाळी हिंगोलीला येणाऱ्या एसटीत बसून पाहा. मांडीवर पिशवी, पिशवीत सातबारा, फेरफाराची नक्कल आणि फडक्यात बांधलेली भाकर. कुठं निघालात म्हणून विचारा. उत्तर एकच, "आज तारीख हाय."

ही तारीख ज्याच्या भरवशावर असते, त्या वकीलसाहेबांबद्दल मात्र आपण कधी विचार करत नाही. तो कुठून आला, कसा शिकला, पहिली काही वर्षे त्याची चूल कशी पेटली, आणि आपल्या वाडीतली, तांड्यातली, वस्तीतली पोरे-पोरी त्या काळ्या कोटात किती दिसतात? हा प्रश्न फक्त वकिलांचा नाही. उद्या तुमच्या बाजूने कोण उभे राहणार, हे त्यावरच ठरते. म्हणून आज थोडे त्याविषयी.

पूरजळचा वकील

आपल्या भागाला वकिलीची परंपरा नाही, असे कुणी म्हणाले तर त्याला औंढा नागनाथ तालुक्यातील पूरजळचे नाव सांगा. केशवराव कोरटकर यांचा जन्म १८६७ साली याच गावचा. तेव्हा हा सारा मुलूख निजामाचा. केशवरावांनी आधी गुलबर्ग्यात आणि पुढे हैदराबादेत वकिली केली, नाव कमावले आणि हैदराबाद हायकोर्टाच्या न्यायाधीशपदापर्यंत ते पोहोचले. शिक्षणासाठी, समाजसुधारणेसाठी त्यांनी आयुष्य वेचले. १९३२ साली ते गेले. हैदराबादेत त्यांच्या नावाची शिक्षणसंस्था आजही आहे. त्यांचे चिरंजीव विनायकराव विद्यालंकार हेही बॅरिस्टर झाले आणि पुढे हैदराबाद राज्यात मंत्री झाले.

त्या काळी निजामाच्या कोर्टाची भाषा उर्दू. तुमच्या आजा-पणजाच्या पेटीत जुना कागद असेल तर काढून पाहा, उर्दू अक्षर दिसेल. वकालतनामा, पेशी, फैसला हे शब्द आपल्या तोंडी त्याच काळापासून बसले. अपिलाला जायचे तर हैदराबाद. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि अपिलाचा रस्ता मुंबईकडे वळला. मनमाडला गाडी बदलायची, मुंबईत कुणाच्या तरी ओळखीने उतरायचे आणि इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या वकिलापुढे हात जोडून उभे राहायचे. कित्येकांनी खर्चाच्या धाकाने अपील केलेच नाही.

हा रस्ता जवळ आला तो २७ ऑगस्ट १९८१ रोजी. मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांच्या आदेशाने औरंगाबादेत हायकोर्टाचे कामकाज सुरू झाले. त्याला आव्हान दिले गेले, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले, तिथे १९८२ साली हे कामकाज कायदेशीर ठरले आणि १९८४ मध्ये खंडपीठ कायम झाले. शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे. या खंडपीठाने पक्षकाराचे हेलपाटे वाचवले, हे तर सर्वांना दिसते. पण त्याने आणखी एक काम केले. मराठवाड्यातल्या पोराला हायकोर्टाचा वकील व्हायचे तर मुंबईत खोली घेण्याची गरज उरली नाही. २५ जानेवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती झालेले प्रसन्न वराळे यांनी वकिलीची सुरुवात औरंगाबादेतच केली होती. दार जवळ आले की आत जाणारे वाढतात, हा त्यातला धडा. कोल्हापूरकरांना असे दार मिळायला ऑगस्ट २०२५ उजाडावे लागले.

सनदेपर्यंतचा रस्ता

आता समजा, तुमच्या पोराने किंवा पोरीने मनावर घेतले की वकील व्हायचे. रस्ता कसा आहे?

बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम. त्याआधी राज्याची सीईटी. आपला जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात येतो. आपली बरीच मुले परभणीच्या, नांदेडच्या लॉ कॉलेजात जातात. ज्यांना झेपते ती संभाजीनगरला माणिकचंद पहाडे किंवा डॉ. आंबेडकर विधी महाविद्यालयात. तिथेच २०१७ पासून राष्ट्रीय विधी विद्यापीठही आहे, पण त्याची प्रवेश परीक्षा देशपातळीवरची आणि इंग्रजी माध्यमाची. झेडपीच्या शाळेत शिकलेल्या पोराला तो घास सहज गिळता येत नाही.

पदवी झाली की महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नाव नोंदवून सनद घ्यायची. इथे पूर्वी एक मोठा फटका बसत असे. कायद्यात फी जेमतेम ७५० रुपये असताना निरनिराळ्या राज्यांच्या बार कौन्सिल १५ हजारांपासून ४२ हजारांपर्यंत पैसे घेत होत्या. ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितले, कायद्यात लिहिले तेवढेच घ्या. म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५ रुपये. हे आकडे कापून ठेवा. एखाद्या मजुराच्या पोराला सनद घ्यायला सावकाराचे दार वाजवावे लागू नये, म्हणून हा निकाल मोलाचा.

त्याशिवाय अखिल भारतीय बार परीक्षा असते. ती पास झाल्याखेरीज वकिली चालू ठेवता येत नाही. या सगळ्यातून पोरगं बाहेर पडलं की घरी पेढे वाटले जातात, गावात फ्लेक्स लागतो, मामा काळा कोट शिवून देतो. आणि खरी कोरडवाहू शेती इथूनच सुरू होते!

पहिली पाच वर्षे कोरडवाहू

नवा वकील एखाद्या ज्येष्ठ वकिलाच्या ऑफिसात ज्युनिअर म्हणून बसतो. सकाळी ऑफिस, कोर्टाच्या वेळात कोर्ट, संध्याकाळी पुन्हा ऑफिस. बोर्ड पाहायचा, पुकारा झाला की धावत जाऊन हजर व्हायचे, मुदतीचा अर्ज लिहायचा, नक्कल काढायची, पक्षकाराला चहाच्या टपरीवर शोधून आणायचे. दावा कसा लिहायचा, कैफियतीत काय कबूल करायचे आणि काय नाकारायचे, उलटतपासात कोणता प्रश्न विचारायचाच नाही, हे पुस्तकात मिळत नाही. ते साहेबांच्या मागे उभे राहूनच शिकावे लागते. त्यात १ जुलै २०२४ पासून जुने दंडविधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे आकडे बदलले. ज्येष्ठांनाही पुन्हा पाटी घ्यावी लागली, तिथे नवख्याचे काय?

बरे, पगार? पगार नसतोच. साहेब मोठ्या मनाचे असतील तर सणावाराला, महिन्याला काही हाती ठेवतात. नसतील तर शिकवतोय हेच उपकार. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरला शहरात दरमहा २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावे, असे परिपत्रक काढले. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. शिवाय तालुक्याच्या गावात ज्या ज्येष्ठाची स्वतःचीच कमाई हंगामावर आहे, तो ज्युनिअरला १५ हजार कुठून देणार? हसू नका, आपल्या जिल्ह्यात वकिलाची फीसुद्धा हंगामावर असते. हळद विकली, सोयाबीनचे पैसे आले की पक्षकार मागची बाकी चुकती करतो. पाऊस दगा देऊन गेला की वकीलसाहेबांच्या वहीत बाकीच बाकी.

आता हिशेब तुम्हीच करा. हिंगोलीत राहायला खोली, जेवण, गाडीला पेट्रोल, थोडी पुस्तके. मिळकत जवळपास शून्य. ही पाच वर्षे कोण काढू शकतो? ज्याच्या वडिलांचे वकिलीचे ऑफिस आहे, ज्याचे शहरात घर आहे, ज्याच्या मागे बागायत आहे, तो. ज्याच्या घरी दोन एकर कोरडवाहू आणि लग्नाची बहीण आहे, तो हुशार असूनही दुसऱ्या वर्षी कुठे तरी नोकरी धरतो. कोट खुंटीला. त्याच्या अंगी वकिली नव्हती असे नाही. पेरणी त्याने केली होती, पण पीक हाती येईपर्यंत थांबायला घरात दाणा नव्हता.

पुढच्या वाटा

जो टिकतो, त्याला पुढे वाटा आहेत. त्या पालकांनी नीट समजून घेतल्या पाहिजेत.

पहिली वाट स्वतःच्या वकिलीची. आपल्याकडचे मुख्य काम दिवाणी म्हणजे जमिनीचे. वाटणी, वहिवाट, मनाई हुकूम, दरखास्त. महसुली कामही मोठे. १९०६ च्या मामलतदार कोर्ट कायद्याखाली अडवलेल्या रस्त्याचे दावे तहसीलदारांपुढे चालतात. फौजदारी आणि मोटार अपघाताची प्रकरणे आहेत. कालव्याला, धरणाला, रस्त्याला गेलेल्या जमिनीचा वाढीव मोबदला मागण्याची प्रकरणे तर पिढ्यान्‌पिढ्या चालली आहेत. इसापूर, सिद्धेश्वर, येलदरी ही नावे बाहेरच्याला धरणांची वाटतात. आपल्या भागातल्या कित्येक घरांत ती मोबदल्याच्या फायलीवर लिहिलेली असतात.

दुसरी वाट न्यायाधीश होण्याची. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर ही परीक्षा आपल्या राज्यात लोकसेवा आयोग घेतो. २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. अनुभवी माणूस न्यायासनावर बसावा, हा हेतू चांगला. पण वर सांगितलेला हिशेब आठवा. कमाई नसलेली ती तीन वर्षे गरिबाच्या पोराने, आणि त्याहून जास्त गरिबाच्या पोरीने, कशी काढायची, याचेही उत्तर कुणी तरी द्यायला हवे.

तिसरी वाट सरकारी वकिलीची. सहायक सरकारी अभियोक्ता हे पद लोकसेवा आयोगामार्फत भरतात. वरच्या कोर्टातील सरकारी वकिलाला किमान सात वर्षांची वकिली लागते. चौथी वाट नोटरीची. त्याला दहा वर्षांची वकिली लागते. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीयांना सात वर्षे पुरतात. पाचवी वाट विधी सेवा प्राधिकरणाची, तिच्याविषयी पुढे सांगतो.

कोण आत, कोण बाहेर?

आता जरा अवघड गोष्टीकडे येऊ. कोर्टाच्या आवारात पक्षकारांची गर्दी पाहिली तर त्यात सगळा जिल्हा दिसतो. मराठा, धनगर, बंजारा, बौद्ध, मुसलमान, आंध, हटकर, सगळे. बायामाणसांची गर्दीही कमी नसते. पोटगी, वारसा, नवऱ्यामागे जमिनीवर नाव लावणे, यासाठी त्यांना यावेच लागते. मग नजर बार रूमकडे वळवा. तिथेही सगळा जिल्हा दिसतो का? तुम्हीच पाहा आणि मोजा.

देशाचे चित्र सरकारने २०२२ साली संसदेत सांगितले होते. जवळपास साडेपंधरा लाख वकिलांत महिला सुमारे २ लाख ८४ हजार, म्हणजे शंभरात सुमारे अठरा. गंमत अशी की, परीक्षा देऊन जिथे जागा मिळते त्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत महिला न्यायाधीशांचे प्रमाण २०२३ साली शंभरात छत्तीस होते. म्हणजे पोरी हुशारीत कुठेच कमी नाहीत. परीक्षेत त्या पुढे जातात. ओळखीपाळखीवर, रात्री उशिरापर्यंतच्या ऑफिसावर आणि पक्षकाराच्या विश्वासावर चालणाऱ्या खासगी वकिलीत मात्र मागे राहतात.

आणि हा विश्वास कोण देत नाही? आपणच! जमिनीचा दावा म्हटले की "बाई काय भांडणार" असे म्हणून आपण पुरुष वकील शोधतो. नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ सालीच ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा देऊन बसल्या होत्या. पण बाईला वकिली करू देणारा कायदा यायला १९२३ साल उजाडले. मुंबई हायकोर्टात पहिल्या महिला न्यायमूर्ती, सुजाता मनोहर, बसल्या त्या १९७८ साली. कायद्याने दार उघडून शंभर वर्षे होऊन गेली. आपल्या मनाचे दार अजून अर्धेच उघडे आहे. शिवाय साध्या गोष्टी पाहा. तालुक्याच्या कोर्टात महिला वकिलांना बसायला वेगळी खोली, स्वच्छ संडास, संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर गावाकडे जायला वेळेवर एसटी. यातले एक जरी नसले तरी घरचे म्हणतात, पुरे झाली वकिली.

डिसेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने राज्यांच्या बार कौन्सिलमध्ये महिलांना ३० टक्के जागा द्या, असे सांगितले. वीस टक्के निवडणुकीने आणि दहा टक्के स्वीकृत. हे चांगलेच झाले. पण खालून शिडीच चढता आली नाही, तर वरच्या खुर्च्या कोण भरणार?

जातीपातीचे चित्रही असेच. २०१८ पासून मार्च २०२५ पर्यंत देशातल्या हायकोर्टांत ७१५ न्यायमूर्ती नेमले गेले, असे सरकारने संसदेत सांगितले. त्यात अनुसूचित जातीचे २२, अनुसूचित जमातीचे १६ आणि ओबीसी ८९. हायकोर्टाचे बरेचसे न्यायमूर्ती वकिलांमधूनच निवडले जातात. तेव्हा हा आकडा वर दिल्लीत तयार होतो, असे समजू नका. तो तयार होतो कळमनुरीत, वसमतला, औंढ्याला, जिथे एखाद्या आंध समाजाच्या पहिल्या पदवीधराने दुसऱ्या वर्षी कोट खुंटीला टांगला. शेजारच्या अमरावतीचे भूषण गवई १९८५ साली वकिली सुरू करून मे २०२५ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले, अनुसूचित जातीतून त्या पदावर बसलेले ते दुसरेच. ही अभिमानाची गोष्ट खरीच. पण एक झाड उंच वाढले म्हणून सारे रान हिरवे झाले, असे होत नाही.

मराठीचा मुद्दाही इथलाच. १९९८ पासून खालच्या कोर्टांत मराठी ही न्यायालयाची भाषा ठरली आहे. तरी इंग्रजी मसुद्याचा रुबाब काही जात नाही. मराठीत शिकलेला हुशार पोरगा हायकोर्टात जायला बिचकतो, तो कायद्यामुळे नव्हे, इंग्रजीमुळे. त्याला सुरुवातीच्या वर्षांत कुणी इंग्रजी मसुदा लिहायला बसवले, तर ही भीती दोन पावसाळ्यांत जाते.

तुम्ही काय करू शकता?

वाचकहो, तुम्ही पक्षकार असाल तर चार गोष्टी गाठीशी बांधा.

एक, वकील परवडत नाही म्हणून हक्क सोडू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आणि तो १९९५ पासून लागू आहे. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि कोठडीतील माणूस यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांना आपल्या राज्यात वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असेल तर मिळतो. कोर्टाच्या आवारात विधी सेवेचे ऑफिस विचारा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. या कामाच्या पॅनेलवर नव्या वकिलांनाही संधी असते. त्याला मानधन आणि अनुभव, तुम्हाला वकील, दोघांचेही भले.

दोन, फी आधी ठरवा आणि पावती मागा. मोबदल्याच्या प्रकरणात "जिंकलो तर इतके टक्के" असा सौदा करणे बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही, हे लक्षात ठेवा. कोऱ्या कागदावर सही-अंगठा तर कुणालाच देऊ नका.

तीन, वकिलाने गैरवर्तन केले असे वाटले तर तक्रार बार कौन्सिलकडे करता येते. ग्राहक मंचात मात्र ती चालत नाही, हे सुप्रीम कोर्टाने मे २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

चार, नव्या वकिलाला, विशेषतः पोरींना, एखादे काम देऊन पाहा. सगळा दावा नको. वारसाचा अर्ज द्या, रस्त्याचे प्रकरण द्या. आणि काम झाले की हळदीच्या पट्टीची वाट न पाहता फी द्या!

ज्येष्ठ वकीलसाहेबांनाही एक विनंती. तुमच्यातल्या कित्येकांनी हेच दिवस काढले आहेत. ज्युनिअरला १५ हजार देणे जमणार नाही, हे मान्य. पण पेट्रोल आणि जेवणाचा खर्च निघेल इतकी रक्कम ठरवून, दर महिन्याच्या एक तारखेला दिली तर? वकील संघाने मिळून पहिल्या तीन वर्षांच्या ज्युनिअरसाठी छोटा निधी उभा केला तर? ग्रामपंचायती, पतसंस्था, बाजार समित्या यांची छोटी कायदेशीर कामे आळीपाळीने नव्यांना दिली तर? यातले काहीच आभाळातून आणायचे नाही.

शेवटी पुन्हा त्या म्हणीकडे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपले वाडवडील सांगून गेले. कारण त्या पायरीवर त्यांचे आपले असे कुणी नव्हते. भाषा परकी, गाव परके, वकीलही परका. आज पूरजळसारख्या गावातली पोरे-पोरी ती पायरी काळा कोट घालून चढत आहेत. तुमच्या घरी अशी एखादी पोरगी आज संध्याकाळी तारखांची डायरी घेऊन बसली असेल, तर तिला "कमाई कधी" हा प्रश्न आणखी थोडे दिवस विचारू नका. फळबाग लावली की चार-पाच वर्षे आपण पाणीच घालतो. तेव्हा झाडाला कुणी हिशेब मागतो का?